शेतीसाठी जुना लष्करी ट्रक: इंजिन आणि गिअरबॉक्स

प्रश्न: सैन्याने निकाली काढलेला अमेरिकी बनावटीचा एम-३५ए२ ट्रक शेतमाल वाहण्यासाठी घ्यावा, असे मनात आहे. त्याचे बहुइंधनी इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स रोजच्या कामाला टिकतील का?

उत्तर १: ७.८ लिटरचे हे सहा सिलिंडरचे इंजिन दणकट आहे. मात्र २६०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) वर ते पळवू नये. बहुइंधनी म्हणून टाकीत वाटेल ते ओतण्याचा मोहही टाळावा, कारण पेट्रोलला वंगणाचा गुण नसल्याने इंजेक्शन पंप झिजतो. डिझेलच बरे.

उत्तर २: माझ्या मते खरी कसोटी गिअरबॉक्सची आहे. पहिला आणि रिव्हर्स गिअर सिंक्रोमेशविना (गिअरचे दात जुळण्याआधी त्यांचा वेग समान करणाऱ्या यंत्रणेविना) असल्याने गाडी पूर्ण थांबवूनच ते टाकावे लागतात. मी एकदा घाई केली, तेव्हा दात करकरले आणि पुढे तेल बदलताना ड्रेन प्लगवर लोखंडाचा बारीक चुरा चिकटलेला दिसला. ट्रक घेण्यापूर्वी गिअरबॉक्समधले थोडे तेल काढून, त्यात असा चुरा लागतो का ते बोटांवर चोळून पाहावे.

प्रश्नकर्ता: विंच (दोर गुंडाळून ओढणारे यंत्र) असलेल्या ट्रकवरील पीटीओवर (इंजिनाची ताकद दुसऱ्या यंत्राला देणाऱ्या जोडणीवर) शेतीची अवजारे चालतील का?

उत्तर २: नाही. तो पुढच्या विंचसाठी आहे. ट्रॅक्टरसारखा ५४० आरपीएमचा मागचा पीटीओ या ट्रकला नसतो.