मदत हवी आहे: स्वस्त बेंच पॉवर सप्लायचं आतलं काम अगदीच वाईट निघालं, परत करू की नीट करून वापरू?

नमस्कार मंडळी,

सांगलीत माझं रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे, चार्जर, एलईडी ड्रायव्हर, अ‍ॅम्प्लिफायर असली कामं असतात आणि आयटीआय झालेली दोन पोरं शिकायला येतात. त्यांच्यासाठी ०-३० व्होल्ट ५ अँपिअरचा बेंच सप्लाय (टेबलावर ठेवून हवं तेवढं व्होल्टेज घ्यायचा डबा) ऑनलाइन मागवला, लिनियरवाला, आत मोठा ट्रान्सफॉर्मर असतो तो. ब्रँड सांगत नाही, तसाही हाच डबा वेगवेगळ्या नावांनी विकतात.

चालतो चांगला. व्होल्टेज मीटरशी जुळतं, ३ अँपिअर लोड लावला तरी हलत नाही. पण उचलला की आत काहीतरी खुळखुळायचं म्हणून प्लग काढून कव्हर उघडलं तर एक सुटा स्क्रू आणि सोल्डरचे मणी बाहेर पडले. मग म्हटलं आता सगळंच बघू.

सगळ्यात वाईट अर्थिंग आहे. हिरवी-पिवळी वायर बॉडीला स्क्रूने बसवलीये पण रंग न खरवडता, थेट पावडर कोटिंगवर. प्लगच्या अर्थ पिनपासून कंटिन्युइटी (जोड सलग आहे का ते, सलग असला की मीटर बीप देतो) बघितली तर त्या स्क्रूच्या डोक्यापर्यंत बीप येतो, पण खालच्या पत्र्याला वायर हलवली की येतो नि जातो आणि वरच्या कव्हरला तर येतच नाही. म्हणजे आत फेज सुटून पत्र्याला लागला तर फ्यूज उडेलच असं नाही, बॉडी लाइव्ह होऊन बसेल आणि पोरगं त्याच डब्यावर हात ठेवून काम करत असेल. हे काही डोक्यातून जात नाहीये.

आणि फेज सुटेल असंच काम केलंय हो. स्विचच्या मागे वायर भोकात न घालता नुसती टेकवून सोल्डर केलीये, सोल्डर मळकट, दाणेदार, सरळ सरळ ड्राय सोल्डर म्हणजे नीट न धरलेला जोड, बोटाने ढकललं तर वायर हलते, वर स्लीव्ह नाही. फ्यूज फेजऐवजी न्यूट्रलमध्ये टाकलाय, म्हणजे तो उडाला तरी आत फेज राहणारच. पॉवर ट्रान्झिस्टरच्या एका कोपऱ्यालाच हीटसिंक पेस्ट लागलीये आणि स्क्रू ढिला. कमी व्होल्टेज नि जास्त करंट घेतला की सगळी उष्णता त्या ट्रान्झिस्टरवरच येते ना, मग तो किती दिवस टिकणार?

विचारायचंय ते असं की अर्थसाठी रंग खरवडून त्याच स्क्रूवर परत घेतलं तर चालेल का वेगळा बोल्ट मारावा, झाल्यावर ते खरंच नीट झालंय हे साध्या मल्टिमीटरने कसं खात्रीने कळेल, आणि मेन्सच्या बाजूला बोर्डवर चिकट फ्लक्स (सोल्डर करताना वापरतात ती राळ) राहिलाय तो धुवावाच लागतो का? परत करायची मुदत अजून आहे, पण परत केलेला पीस तसाच दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलावर जाईल हेही मनाला पटत नाही.

प्रतिसाद १

दादा, आधी फोटो काढून तक्रार टाका आणि त्यात "अर्थ जोडलेला नाही" हे स्पष्ट लिहा. बदलून दिला तरी त्याच लॉटचा येईल, तोही उघडून बघायचाच.

ठेवणार असाल तर अर्थला स्वतंत्र एम४ बोल्ट मारा, भोकाभोवती चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा, वायरच्या टोकाला रिंगवाला लग दाबून बसवा (क्रिंप करा), स्टार वॉशर, नट, वर अजून एक नट. स्क्रूखाली जाणाऱ्या वायरच्या टोकाला सोल्डर लावू नका, दाबाखाली सोल्डर हळूहळू बसत जातो आणि जोड ढिला पडतो. कव्हरला बॉडीपासून वेगळी वायर द्या. फ्यूज फेजमध्ये घ्या, आपल्या सॉकेटला समोरून बघताना अर्थ वर, फेज उजवीकडे असतो, पण दुकानातला बोर्ड टेस्टरने तपासूनच ठरवा.

साध्या मीटरवर ०.१ ओहम नीट कळत नाही, प्रोबचाच रेझिस्टन्स जास्त भरतो. त्यापेक्षा दुसऱ्या सप्लायमधून करंट लिमिट लावून अर्थ पिन ते बॉडी ५ अँपिअर सोडा आणि दोन्ही टोकांवर व्होल्टेज मोजा. अर्धा व्होल्ट आला म्हणजे ०.१ ओहम, त्याच्या खालीच पाहिजे. मग फेज-न्यूट्रल एकत्र करून स्विच ऑन ठेवून अर्थशी ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावा, १ मेगाओहमच्या खाली आलं तर वापरू नका. फ्लक्स मेन्सच्या बाजूचा आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि ब्रशने धुवाच, धूळ नि दमट हवा धरतो तो. पहिल्यांदा चालू कराल ते १०० वॉटच्या सिरीज लॅम्पवर, म्हणजे मेन्सच्या वाटेत बल्ब जोडून, आत शॉर्ट असला तर नुसता बल्ब पेटतो.

धागाकर्ता

खूप आभार भाऊ, ५ अँपिअरची युक्ती माहीतच नव्हती. तक्रार टाकलीये. मेगर ओळखीच्या वायरमनकडे आहे. ट्रान्सफॉर्मरचा बोल्ट चांगला जाड आहे, त्यावरच अर्थ घेतला तर?

प्रतिसाद २

नका घेऊ. ट्रान्सफॉर्मर सतत थरथरतो, तो बोल्ट ढिला होतो, आणि उद्या कुणी ट्रान्सफॉर्मर बदलायला काढला की अर्थ पण सुटतो आणि परत लावायचा राहून जातो. अर्थच्या बोल्टवर दुसरं काहीच नको.