मदत हवी आहे: आईच्या फुफ्फुसात माल्ट लिम्फोमा, आयुर्मानाचे आकडे कसे वाचायचे?

नमस्कार मंडळी,

आईचं (वय ७२) निदान झालंय: फुफ्फुसाचा माल्ट लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींचा सावकाश वाढणारा कॅन्सर, मार्जिनल झोन प्रकारातला. खोकला जाईना, एक्स-रेत डाग दिसत होता. न्यूमोनिया समजून अँटिबायोटिक्सचे कोर्स झाले, डाग होता तसाच. शेवटी सीटी आणि बायॉप्सी केली तेव्हा कळलं. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. पांढऱ्या डागातून श्वासनलिकांच्या काळ्या रेषा तशाच आरपार गेल्या होत्या. गाठ नळ्या चेपत नाही, त्यांच्या भोवतीने सावकाश पसरते.

डाग उजवीकडे मोठा, डावीकडे लहान. पेट स्कॅनमध्ये फुफ्फुसाबाहेर काही नाही. एलडीएच (पेशींची मोडतोड वाढली की रक्तात चढणारं एन्झाइम) नॉर्मल, बोन मॅरो स्वच्छ. ताप नाही, रात्रीचा घाम नाही, वजनही उतरलेलं नाही. आता खोकलाही बराच कमी आहे. हिमॅटॉलॉजिस्ट म्हणाले, "सध्या काहीच द्यायचं नाही. काही महिन्यांनी पुन्हा सीटी करू."

इथेच घोडं अडलंय. कॅन्सर आहे आणि औषध नाही, हे घरात कुणाच्या गळी उतरत नाही. मामा रोज फोनवर तेच विचारतो. आईने स्वतः डॉक्टरांना एवढंच विचारलं, "किती वर्षं?" ते म्हणाले, "बरीच." तिला ते पुरलं, मला नाही.

म्हणून वाचत बसले. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये फुफ्फुसातच सुरू होणाऱ्या लिम्फोमाचं प्रमाण जेमतेम १ टक्का, आणि त्यातले बहुतेक माल्टच. पाच वर्षांनी ८० टक्क्यांहून जास्त रुग्ण हयात असतात, बरेचजण दहा वर्षांच्या पुढे जातात. मग २०१७ साली आलेला माल्ट-आयपीआय, म्हणजे आजाराचा पुढचा अंदाज देणारा निर्देशांक, सापडला. वय ७० किंवा जास्त, एलडीएच वाढलेलं, स्टेज तीन किंवा चार. प्रत्येकाचा एक गुण. एक गुण असलेल्यांत पाच वर्षांनी ९३ टक्के हयात होते. दोन किंवा जास्त गुण झाले की हाच आकडा ६४.

रिपोर्टात आईची स्टेज 'एक-ई' (लसिकाग्रंथींबाहेरच्या एकाच अवयवात आजार) आहे, म्हणजे फक्त वयाचा गुण. पण नात्यातल्या एका डॉक्टरांनी "दोन्ही फुफ्फुसं म्हणजे स्टेज चार" असं सांगितलं. आजार तोच, आई तीच, आणि एका शब्दाने ९३ चे ६४ कसे होतात? शिवाय त्या अभ्यासातल्या रुग्णांना औषध दिलेलं होतं. नुसतं लक्ष ठेवलेल्या माणसाला ते आकडे लावायचे का? आणि आजार आक्रमक झाला तर आम्हाला घरी ते कशावरून ओळखता येईल?

जाणकारांनी आणि ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांनी कृपया लिहा. "पॉझिटिव्ह राहा" एवढ्यावर थांबू नका, ही विनंती.

प्रतिसाद

ताई, माझ्या वडिलांना हाच आजार आहे आणि मी पॅथॉलॉजीत काम करते, म्हणून लिहिते.

स्टेजिंगची जुनी पद्धत लसिकाग्रंथींच्या आजारासाठी बनली होती, फुफ्फुसाला ती नीट बसत नाही. माल्टमध्ये डाग दोन्हीकडे असणं नवल नाही. बाहेर काहीच नसेल तर बरेच तज्ज्ञ त्याला एक-ई धरतात, काहीजण चार म्हणतात. तुमच्या डॉक्टरांना कुठली पद्धत वापरली तेवढं विचारा, पण त्या ६४ ला कवटाळू नका.

ज्या रुग्णांवरून तो निर्देशांक बनला, त्याच चाचणीतली दुसरी गोष्ट बघा. नुसत्या क्लोरॅम्ब्युसिलऐवजी (केमोची गोळी) त्यासोबत रिट्युक्सिमॅब (अँटिबॉडी औषध) दिल्यावर आजार पाच वर्षं आटोक्यात राहिलेल्यांचं प्रमाण ५१ वरून ६८ टक्क्यांवर गेलं. हयात असलेले मात्र दोन्हीकडे ९० टक्क्यांच्या आसपासच. म्हणजे आजार परतला तरी माणूस जगतो, कारण तेव्हा औषध देता येतं. लक्षणं नसतील तर थांबणं ही मान्य पद्धत आहे, दुर्लक्ष नव्हे. मामांना हे दोन आकडे शेजारी ठेवून दाखवा.

आक्रमक रूपांतर दहातल्या एकाहूनही कमी जणांत होतं. डाग झपाट्याने वाढणं, एलडीएच चढणं, कारण नसताना ताप किंवा वजन उतरणं, असं काही दिसलं तर पुढच्या सीटीची वाट बघू नका; तेव्हा बायॉप्सी पुन्हा लागते. रिट्युक्सिमॅबची वेळ आलीच तर आधी हिपॅटायटिस बी तपासून घ्या, सुप्त विषाणू जागा होऊ शकतो. आणि आईचे डोळे-तोंड कोरडं पडतं का? शोग्रेन सिंड्रोमशी (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रू-लाळेच्या ग्रंथींवर उलटते तो आजार) या लिम्फोमाचं नातं आहे.

धागाकर्ती

खूप आभार. हो, ती डोळ्यांत थेंब घालते, जेवताना घासागणिक पाणी लागतं. आम्ही ते वयावर ढकललं होतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. पुढच्या भेटीत सांगते. शोग्रेनसाठी कुठल्या तपासण्या मागायच्या, आणि तो निघाला तर लिम्फोमाचं थांबणं तसंच चालू ठेवतात का?