भित्र्या मांजरीसाठी ‘फक्त अनुभवी घर’ ही अट बरोबर आहे का?

ओसरी

पुण्यातल्या एका प्राण्यांच्या शेल्टरमध्ये मी दर रविवारी जाते. नाव लिहीत नाही, कारण भांडण त्यांच्याशी नाही, माझं माझ्याशीच आहे. ट्रे घासणं, पाणी बदलणं आणि एका पिंजऱ्याकडे पाठ करून तासभर बसणं ही माझी कामं. त्या पिंजऱ्यात तपकीर असते.

तपकीर चारेक वर्षांची, देशी, रंग नावासारखाच. एका आजोबांकडे वाढली. घरात तिसरं कुणी नाही, आवाज म्हणाल तर रेडिओचा. आजोबा गेले, मुलं परदेशातून आली, फ्लॅट विकायचा होता. बाजाराच्या पिशवीत घालून तिला शेल्टरला आणून दिलं. त्याला सात महिने झाले. भिंतीपलीकडे पंचवीस-तीस कुत्री भुंकत असतात. ही दिवसभर वाळूच्या ट्रेमध्ये बसून राहते, कारण पिंजऱ्यातला सगळ्यात मागचा कोपरा तोच आहे. मांजर स्वतःच्या घाणीत बसतं म्हणजे काय, हे मांजरवाल्यांना सांगायला नको.

दोनदा घर मिळालं, दोनदा परत आली. पहिल्या घरी आठ वर्षांची मुलगी होती. तिसऱ्या दिवशी फोन: “ती पलंगाखालून निघतच नाही, आमची पोर रडतेय.” दुसऱ्या घरच्या बाईंकडे आधीच्या तीन मांजरी. अकराव्या दिवशी परत. “माझ्या मुलींवर फिस्कारते.” प्रत्येक खेपेला ती आणखी आक्रसून आली. दुसऱ्या खेपेला तर पाठीवरचे केस चाटून चाटून टक्कल पाडून घेतलं होतं.

मग तिच्या कार्डावर लाल अक्षरात लिहिलं गेलं: फक्त अनुभवी घर. ते मीच लिहायला लावलं.

गेल्या रविवारी एक जोडपं आलं. दोघंही नर्सिंगमध्ये, पाळ्या उलटसुलट, वन बीएचके, मूल नाही. मांजर कधी पाळलेलं नाही. ती मुलगी पिंजऱ्यासमोर फरशीवर वीस मिनिटं बसून होती. हात आत घातला नाही, च्युकच्युक केलं नाही. फॉर्मवर ‘पूर्वी मांजर पाळले आहे का?’ यापुढे ‘नाही’. मी नकार दिला. तेव्हापासून ते मनातून जात नाही.

तरी माझं मत अजून तेच आहे. तिसऱ्यांदा परत आली तर ती उठायची नाही. तुम्हाला काय वाटतं? गोड बोलू नका.

तिरकसराव

पुण्यात लग्नाच्या स्थळाला एवढ्या अटी नसतात. तिथे तर ‘अनुभवी’ म्हटलं की लोक दार लावून घेतात.

बरं, गंमत सोडा. हे अनुभवी लोक आहेत कुठे? ज्यांना मांजरांचा अनुभव आहे त्यांच्या घरात आधीच चार मांजरं आहेत, आणि तपकीरला तर दुसरं मांजर चालत नाही. म्हणजे तुम्हाला असा माणूस हवा ज्याने आयुष्यभर मांजरं पाळली आणि नेमकी आत्ता एकही नाही. असे एक होते. ते आजोबा.

पिंजरावाली काकू

ओसरी, अजिबात मागे हटू नकोस. ठाण्यात बारा वर्षं माझ्या घरी फॉस्टरची, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायची, मांजरं असतात, म्हणून बोलतेय.

एक भित्रा बोका असाच एका ‘खूप प्रेमळ’ जोडप्याला दिला होता. पहिलंच मांजर. बाल्कनीला जाळी आहे म्हणाले, फोटोही पाठवला. ती कबुतरांची जाळी, नायलॉनची. चौथ्या रात्री खाली फटाके वाजले, हा घाबरून जाळीवर चढला, ती कडेने सुटली. पाचवा मजला. जबडा आणि पुढचा पाय. जगला, पण दोन महिने सिरिंजने भरवला. त्या जोडप्याला दोष देत नाही, त्यांना माहीतच नव्हतं की मांजर नायलॉन कुरतडतं आणि घाबरलेलं मांजर वर चढतं.

प्रेम होतं. लोखंडी जाळी नव्हती.

लिंबूटिंबू

मी त्या जोडप्याच्या जागी होतो म्हणून लिहितो. तीन वर्षांपूर्वी दोन ठिकाणी फॉर्म भरला. एकीकडे ‘भाड्याचं घर’ म्हणून नकार, दुसरीकडे ‘पहिलं मांजर’ म्हणून. बायको हिरमुसली. पुढच्या आठवड्यात आम्ही दुकानातून पैसे मोजून पर्शियन पिल्लू आणलं. तिथे एकच प्रश्न विचारला: रोख की गूगल पे?

मला मान्य आहे की चूक आमची. पण देशी मांजरांना घर मिळत नाही म्हणून रडायचं आणि दारात आलेल्याला पहिली पायरी चढू द्यायची नाही, याचा फायदा कुणाला होतो ते बघा. पहिलं मांजर प्रत्येकाचंच कधीतरी पहिलं असतं.

पिंजरावाली काकू

@लिंबूटिंबू, मग पहिलं म्हणून खेळकर पिल्लू घ्या ना. शेल्टरं पिल्लांनी भरलेली आहेत. दोन ते सात आठवड्यांच्या वयात ज्यांना माणसाचा हात लागलाय ती पोरं कुणाच्याही मांडीवर जातात. गाडी शिकायला कुणी पहिल्या दिवशी घाटात जातं का?

खारवीण

रत्नागिरीहून. एवढं काय चाललंय तेच कळत नाही. आमच्या मिरकरवाड्याच्या जेटीवर एवढी मांजरं आहेत, कुणाचा फॉर्म भरला होता? ऑपरेशन करा, खूण म्हणून कानाचं टोक कापा, जिथे मासळी उतरते तिथे सोडा. सात महिने पिंजऱ्यात कोंडण्यापेक्षा बरं.

पशुवैद्य सातारकर

@खारवीण, जेटीवर जन्मलेल्या मांजराला ते लागू आहे, आणि नसबंदी करून पुन्हा त्याच जागी सोडणं हाच त्यांच्यासाठी योग्य मार्ग. ‘त्याच जागी’ हे शब्द महत्त्वाचे. चार वर्षं रेडिओ ऐकत बशीतलं खाल्लेल्या मांजरीला बंदरावर सोडलं तर ती पहिल्या आठवड्यात उपाशी मरेल किंवा गाडीखाली येईल. आणि पाळलेला प्राणी असा उपाशी मरायला टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये! कायदा साठ वर्षांहून जुना आणि रक्कमही त्याच काळातली. एका वडापावच्या भावात मांजर टाकता येतं, म्हणून कुणी घाबरत नाही.

आता मूळ मुद्दा. ‘अनुभवी’ या शब्दाने मला दवाखान्यात सगळ्यात जास्त छळलंय. पन्नास वर्षं घरात मांजरं आहेत असं सांगणारे लोक दूध-पोळीवर मांजर वाढवतात. मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना दूध पचत नाही आणि मांसाशिवाय त्यांचं शरीर चालत नाही. मांसातून मिळणारं टॉरिन कमी पडलं की डोळे आणि हृदय जातं. एका अशाच अनुभवी गृहस्थांनी ताप आला म्हणून पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दिली. मांजरासाठी ते विष आहे. वाचवता आली नाही.

याउलट नवखा माणूस विचारतो. रात्री अकराला फोन करून विचारतो, वैताग येतो, पण विचारतो.

तपकीरपुरतं सांगायचं तर तिच्या नव्या माणसाला दोनच गोष्टी ठाऊक हव्यात. एक, ती पलंगाखाली गेली तर ओढून काढायची नाही, आठवडा लागो की महिना. दुसरी, लपली तरी चालेल पण खाल्लं पाहिजे. मांजर दोन-तीन दिवस पूर्ण उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचायला लागते आणि ते जिवावर बेततं. तेव्हा रोज रात्री वाटी वजन करून ठेवा, सकाळी पुन्हा करा. हे काम नर्सपेक्षा कोण बरं करील? आणि टक्कल पडलंय म्हणता तर आधी त्वचा आणि लघवी तपासून घ्या. सगळंच मनाचं नसतं.

तिरकसराव

डॉक्टर, ‘पाळ्या उलटसुलट’ वाचून मला आणखी एक सुचलं. म्हणजे त्या घरात दिवसाचे बहुतेक तास कुणीतरी झोपलेलं असणार. भित्र्या मांजरीला झोपलेल्या माणसाइतकं सभ्य माणूस दुसरं नाही. बघत नाही, बोलत नाही, उचलत नाही, आणि ऊबही देतं. आजोबाही रेडिओसमोर पेंगतच असतील.

पिंजरावाली काकू

हे मात्र पटलं. तुमच्याकडून काही पटेल असं वाटलं नव्हतं.

पण डॉक्टर, विचारणारा नवखा आणि न विचारणारा नवखा, फॉर्मवर दोघंही सारखेच दिसतात. माझ्या बोक्याचे पालक मला विचारायलाच तयार नव्हते, लाज वाटायची म्हणे. ते कसं ओळखायचं?

कालव्याकाठी

नेदरलँड्समधून. अटीच्या वादात पडत नाही, पण ट्रेमध्ये बसण्याबद्दल वाचून राहवलं नाही. इथल्या उट्रेख्ट विद्यापीठाच्या लोकांनी एका शेल्टरमध्ये नव्या आलेल्या १९ मांजरांवर प्रयोग केला होता, २०१४ साली छापून आला. दहा जणांना लपायला खोकं दिलं, नऊ जणांना नाही. खोकंवाली मांजरं काही दिवसांतच निवळली, बिनखोक्याची बराच काळ ताणात राहिली. साधं पुठ्ठ्याचं खोकं! सात महिन्यांत कुणी एक दिलं नाही?

मी इथे ज्या मांजरीला घरी आणलं तिच्या माहितीत सरळ लिहिलं होतं: ‘तुम्हाला मांडीवर बसणारं मांजर हवं असेल तर ही नव्हे. कदाचित कधीच नाही.’ ते वाचूनच मी गेले. तुमच्या पहिल्या कुटुंबाला तपकीरबद्दल काय सांगितलं होतं?

ओसरी

खोक्याचं वाचून रागच आला, आधी तुमचा, मग स्वतःचा. पिंजरा रोज धुवायचा असतो, खोकं भिजतं, म्हणून ठेवत नाहीत. मी ते कारण सात महिने मान्य केलं. आज संध्याकाळी वाण्याकडून बिस्किटांची तीन खोकी आणली.

आणि पहिल्या कुटुंबाला काय सांगितलं होतं? कार्ड बघून आले. ‘शांत, गोड स्वभाव, थोडीशी लाजाळू.’ लाजाळू! हे आम्हीच लिहिलं होतं, ती लवकर जावी म्हणून. आठ वर्षांच्या मुलीला लाजाळू मांजर मिळणार होती आणि मिळाली पलंगाखालची भिंत. तिने रडू नये तर काय करावं?

तीन मांजरींच्या बाईंना तर फोटो पाहूनच दिली होती. त्यांच्या मांजरी कशा आहेत, वेगळी खोली आहे का, काही विचारलं नाही. ‘अनुभव: होय’ एवढंच पाहिलं. तीन मांजरींच्या हद्दीत चौथीला पहिल्याच दिवशी हॉलमध्ये सोडली असणार.

म्हणजे दोन्ही वेळा आम्ही चुकीचं सांगितलं किंवा काही विचारलंच नाही, आणि शिक्षा म्हणून अट लावली तिसऱ्यांना. काकू, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला फॉर्मवर मिळत नाही. मी नवे प्रश्न लिहून बघतेय. ‘ती महिनाभर दिसलीच नाही तर काय कराल?’ ‘घरी कुणी आलं तर तिची खोली बंद ठेवता येईल का?’ ‘जाळी कशाची?’ होय-नाही असं उत्तर देता येणार नाही असेच.

खारवीण

ती मुलगी वीस मिनिटं बसली तेव्हा मांजराकडे बघत होती का? कशी बघत होती?

ओसरी

बाजूला बघत होती. मध्येच एकदा तिच्याकडे, अर्धवट मिटल्या डोळ्यांनी. मला वाटलं झोप येतेय, पाळी संपवून आली होती.

खारवीण

आमची आजी मासे साफ करताना असंच करायची, परकं मांजर जवळ यायचं. ‘रोखून बघू नको, डोळे मीट, ते पण मीटतं’ म्हणायची.

कालव्याकाठी

@खारवीण, तुमच्या आजीला डॉक्टरेट द्या. २०२० मध्ये इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठाने नेमकं हेच दाखवलंय, सावकाश डोळे मिटणाऱ्या अनोळखी माणसाकडे मांजरं जास्त येतात.

पिंजरावाली काकू

डोळे मिटले म्हणून मांजर द्यायची असेल तर आमच्या सोसायटीचा वॉचमन सगळ्यात लायक ठरेल.

ओसरी, देणार असशील तर एकदम देऊ नकोस. दोन महिने फॉस्टर म्हणून दे, कागद नंतर. घर स्वतः जाऊन बघ. सोसायटीने कटकट केली तर प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांची प्रत त्यांच्या हातात ठेव. त्या मुळात कुत्र्यांबद्दल आहेत, पण मुद्दा तोच, पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. आणि आधीच सांग, जमलं नाही तर परत आणा, कुणी ओरडणार नाही. लाजेपोटी लोक मांजर परत न आणता दार उघडं ठेवतात. ते मी पाहिलंय.

माझं मत बदललेलं नाही बरं का. अट राहू दे. फक्त ही दोघं अपवाद.

ओसरी

तीन आठवड्यांनी लिहितेय.

शेल्टरवाले सहज तयार झाले नाहीत, लाल शाई माझीच होती याची आठवण करून दिली. रक्त, लघवी, त्वचा सगळं तपासलं. त्वचेला बुरशी निघाली, म्हणजे टक्कल निम्मं तरी मनाचं नव्हतं. डॉक्टर, आभार. प्रवासाच्या दिवशी द्यायचं औषध आमच्या डॉक्टरांनी वजनावर ठरवून दिलं.

त्या मुलीला फोन केला तेव्हा म्हणाली, “मला वाटलं तुमच्याकडे परत आलं तर राग येईल, म्हणून आले नाही.” महिनाभर दिसली नाही तर काय कराल, यावर तिचं उत्तर: “वॉर्डात पण काही पेशंट महिनाभर बोलत नाहीत.”

गुरुवारी तपकीर गेली. सोबत तिचं खोकं, न धुतलेलं. पहिली रात्र काही खाल्लं नाही. दुसऱ्या रात्री अकरा ग्रॅम. तिसऱ्या रात्री चोवीस, उकडलेलं चिकन. आकडे रोज सकाळी येतात, खाली तारीख आणि वेळ, चार्ट लिहावा तसे. दिसलेली नाही अजून. पलंगाखाली आहे, असं नवऱ्याचं म्हणणं. कपाटामागे आहे, असं तिचं.

पिंजरावाली काकू

जाळी?

ओसरी

लोखंडी. स्वतः पाहिली. स्वयंपाकघराच्या खिडकीकडे एक खिळा सैल आहे, रविवारी हातोडी घेऊन जातेय.