मालिकेत गेलेला नाटककार परत येतो का?

विंगेतून:
परवा एका एकांकिका स्पर्धेच्या निकालानंतर शेजारचा म्हणाला, पोरगं भारी लिहितंय, दोन वर्षांत मालिकेत दिसेल बघ. कौतुक म्हणून म्हणाला हो! पण खरंय ते. पुरुषोत्तम, सवाई, राज्य नाट्य, या स्पर्धांत दरवर्षी चारदोन जण असे सापडतात की वाटतं आता हा दोन अंकी नाटक लिहिणार, आणि मग एकदम साडेआठच्या स्लॉटला संवादलेखक म्हणून नाव येतं, तेही इतक्या स्पीडने की वाचताच येत नाही. माझं म्हणणं एवढंच की पोटाचं लिहिणं आणि मनातलं लिहिणं एका टेबलावर करू नये. नाटककार सतीश आळेकर पुण्याच्या बी. जे. मेडिकलमध्ये बायोकेमिस्ट्रीत होते तेव्हा 'महानिर्वाण' (१९७४) आलं. महेश एलकुंचवार नागपुरात इंग्रजी शिकवायचे आणि 'वाडा चिरेबंदी' लिहायचे. कवी अरुण कोलटकर जाहिरातीत होते, पण तिथेही आर्ट डायरेक्टर, म्हणजे शब्द कवितेसाठी शिल्लक. रोज संवाद पाडायला लागलं की कान जातो.

तासिकावाला:
दादा, एलकुंचवारांसारखी नोकरी मिळवून द्या, आजच मालिकेला नाही म्हणतो. एमए, सेट, पीएचडी सबमिट आणि तासिका तत्त्वावर दोन कॉलेजं. पैसे तासाचे, तेही कधी येतील ते प्राचार्यांनाही माहीत नसतं, उन्हाळ्यात तर शून्य. त्या पिढीला कायम नोकरी आणि मागे पेन्शन होती. मराठी साहित्याला खरा आधार मायबाप रसिकांचा कधीच नव्हता, तो अनुदानित कॉलेज, आकाशवाणी आणि पेपरांच्या पगाराचा होता. तो गेला तर लेखकाने काय हवा खायची का?

हिशेबी:
+१. पुस्तकाचं गणित मांडू. किंमत २५०, रॉयल्टी १० टक्के, आवृत्ती ५०० प्रतींची. सगळ्या खपल्या तर साडेबारा हजार. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला तर ५० हजार, मुख्य मिळाला तर १ लाख, आणि तो काय दर दिवाळीला मिळत नाही. नाटकाचं मानधन प्रयोगागणिक, प्रयोग शनिवार-रविवारी, त्यातही हिरो शूटिंगमध्ये अडकला की रद्द. म्हणजे मालिकेत न गेलेल्या नाटककाराचंही नाटक मालिकाच बंद पाडते 😀

लालबागची:
शब्द शिल्लक ठेवायला पाहिजेत म्हणे. तेंडुलकर काय करत होते मग? आधी पत्रकारिता, सदरं, पुढे सिनेमे, 'निशांत', 'मंथन', 'आक्रोश'. 'अर्धसत्य' १९८३ चा आणि 'कन्यादान' नाटकही त्याच सालचं. जयंत पवार म.टा.त होते, दुसऱ्यांच्या नाटकांवर लिहायचे, आणि त्याच हाताने 'अधांतर' (१९९७) लिहिलं. गिरण्यांच्या संपानंतर कामगाराच्या घरात काय झालं, आईची काय दशा झाली, हे आमच्या चाळीने आधी बघितलं होतं आणि मग स्टेजवर बघितलं, काय सांगू. त्यावरूनच पुढे 'लालबाग परळ' सिनेमा आला. पवारांच्या कथासंग्रहाला २०१२ ला साहित्य अकादमी पुरस्कार. इरावती कर्णिक 'छापा काटा' नाटक लिहितात आणि 'झिम्मा' सिनेमापण. तुमच्या थिअरीने हे सगळे कधीच संपायला हवे होते.

विंगेतून:
सिनेमा वेगळा हो. 'अर्धसत्य'ला शेवट आहे! नाटक पहिल्या वाक्यापासून शेवटाकडे चाललेलं असतं, पडदा कुठे पाडायचा हे ज्याला कळलं तो नाटककार. मालिकेत शेवट टीआरपी ठरवतो, लेखकाच्या हातात फक्त ब्रेकआधीचा झटका. जो माणूस तीन-तीन वर्षं शेवटच लिहीत नाही तो दोन अंकी कसं बांधणार? पगारी पत्रकाराला संध्याकाळी बातमी संपवून घरी तरी जाता यायचं.

कवडसा:
कवींचं बोला की कुणीतरी. संदीप खरे आणि सलील कुलकर्णींचं 'आयुष्यावर बोलू काही' २००३ पासून तिकीट लावून चाललं, बापट-करंदीकर-पाडगावकर तर त्याआधी गावोगाव कविता वाचत फिरले. म्हणजे मार्ग आहेत.

हिशेबी:
संदीप खरेंना सोबत गाणं आहे. बाकीच्यांना कविसंमेलनात तीन मिनिटं, शाल आणि नारळ. एसटीचं तिकीट स्वतःचं.

साडेआठचा स्लॉट:
मी हेच काम करते, संवाद लिहिते, म्हणून बोलते. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. मागे आकडे पडले तर चॅनेलच्या ईपीचा, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसरचा फोन, आजीचा ट्रॅक गुंडाळा. आजी करणाऱ्या बाईंना सेटवर चहा पिताना कळलं. एकदा रात्री अकराला निरोप आला की उद्या हिरॉइनला ताप आहे, चार सीन तिच्याविना करा, सातची शिफ्ट. मग मी दोन जावा पोळ्या लाटतायत आणि न आलेल्या तिसरीबद्दल बोलतायत असा सीन लिहिला, एक जाव तिची बाजू घेता घेताच तिची चुगली करते. त्या महिन्यातला सगळ्यात चांगला सीन तो, आणि ते मी एकांकिका करतानाच शिकले होते. त्यामुळे कान जातो वगैरे मला पटत नाही. वेळ जातो. पैसे ९० दिवसांनी, एका निर्मात्याने तर त्याच्याही पुढे लटकवले, त्यामुळे एक मालिका चालू असतानाच दुसरी धरावी लागते. माझं दोन अंकी आहे, पहिला अंक पूर्ण आहे. एका नाट्यनिर्मात्याला ऐकवलं तर म्हणाले छान आहे, स्टार कोण घ्यायचा? मला मालिकेने अडवलं की नाटकवाल्यांनी, तुम्हीच ठरवा.

गोदाकाठ:
स्टारशिवायही होतं की. प्राजक्त देशमुख आमच्या नाशिकचा, 'देवबाभळी' आधी एकांकिका होती, भद्रकाली या नाट्यसंस्थेने ती २०१७ ला दोन अंकी करून व्यावसायिकला आणली, स्टेजवर फक्त दोन बायका, आवली आणि रखुमाई, दोन्ही नवीन मुली. हाउसफुल्ल झालं, २०२० ला युवा पुरस्कारही. लेखक मालिकेत जातो का यापेक्षा असा निर्माता आधी भेटतो की ईपी, सगळं त्यावर आहे.

विंगेतून:
असे निर्माते किती, एका हाताची बोटंसुद्धा भरणार नाहीत. आणि ताई, वेळ जातो म्हणजे तेच झालं ना, मी कान म्हणालो तुम्ही वेळ म्हणालात, दुसरा अंक दोन्हीकडून नाहीच आला.

तासिकावाला:
ताई, पहिला अंक पाठवता का? आमच्या कॉलेजच्या पोरांकडून वाचन करून घेतो. मानधन मात्र नाही, आधीच सांगतो.

साडेआठचा स्लॉट:
मानधनाचं सवयीचं आहे. पाठवते, पण पुढच्या आठवड्यात. गणपतीच्या सुट्ट्यांसाठी आधी चार एपिसोडची बँक, म्हणजे आगाऊ साठा, करून द्यायचीये.