पावसात गाडी सुरू होत नाही, झाली तर झटके मारते

९६ ची कार्बोरेटरवाली (पेट्रोल-हवेचं मिश्रण करणारा भाग असलेली) गाडी आहे. पाऊस लागला की सकाळी नुसता स्टार्टर फिरतो, चोक (सुरू करताना मिश्रणात पेट्रोल वाढवणारी झडप) ओढून एकदाची सुरू झाली तरी चढावर झटके मारते आणि दुपारी एकदम ठणठणीत. मेकॅनिक म्हणतो कार्बोरेटरच बदला. बदलू का?

— थांबा हो! दुपारी ठीक म्हणजे ओल धरतेय. डिस्ट्रिब्युटरची (प्रत्येक प्लगला ठिणगीचा करंट वाटणारा भाग) कॅप काढून आतून कोरड्या फडक्याने पुसा, बारीक काळी रेघ दिसली तर करंट तिथूनच पळतोय. कॅप आणि रोटर (तिच्या आत फिरणारा तुकडा) जोडीनेच घ्या.

— +१. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून प्लगच्या वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारा, निळ्या ठिणग्या दिसल्या की वायरी गेल्या. हात लावू नका, सणसणीत शॉक बसतो.

— प्लगही बघा. पेट्रोलने ओला असेल तर बहुतेक ठिणगीच नाही, कोरडी काजळी असेल तर मात्र चोक अडकलाय का ते बघा.

— कॅपमध्ये रेघ आहे खरी. वायरी पण घेतो, कार्बोरेटर राहू दे.