अण्णांचा पार्किन्सन आणि डीबीएस: मेंदूत वायर घालायचं हे कुणाला कसं सुचलं?

कराडकर_सुहास:
नमस्कार मंडळी. अण्णा ६४ वर्षांचे, एसटीच्या वर्कशॉपला मेकॅनिक होते, पार्किन्सन होऊन ९ वर्षं झाली. गोळी लागू असली की स्वतः चहा करून पितात, उतरली की उंबऱ्यापाशी पाय फरशीला चिकटल्यासारखे उभे, ढकललं तर पडतील आणि नाही ढकललं तर तिथंच. आता डॉक्टर डीबीएस करा म्हणतायत, म्हणजे मेंदूत खोलवर वायर घालून करंट द्यायचं ऑपरेशन. अण्णांचं म्हणणं, बिघाड काय ते सांगितल्याशिवाय बॉनेट उघडू देणार नाही. ओपीडीत पाच मिनिटं मिळतात, त्यात हे कुठं विचारू? आणि गावाकडचे एक काका खाजकुइलीचं चूर्ण द्या म्हणून मागं लागलेत, त्याचं काय?

वडापाव_मास्तर:
डॉक्टर नाही मी, सासऱ्यांच्या वेळी बरंच वाचलं होतं. अण्णांना सांगा इंजिन ठीक आहे, ब्रेक जाम झालाय. डोपामाइन म्हणजे मेंदूतलं हालचालीला लागणारं रसायन, ते कमी झालं की मेंदूत खोलवर सबथॅलॅमिक न्यूक्लियस म्हणून पेशींचा एक छोटा पुंजका आहे तो नको इतका जोरात चालतो आणि हालचाल दाबून धरतो. हे दाखवलं महलॉन डीलाँग या अमेरिकन न्यूरॉलॉजिस्टनं, माकडांच्या मेंदूत बारीक इलेक्ट्रोड घालून एकेका पेशीची टिकटिक ऐकत वर्षानुवर्षं बसलेला माणूस.

पण माकडात पार्किन्सन आणायचा कुठून? तर १९८२ला कॅलिफोर्नियात काही तरुण नशेबाज अचानक पुतळ्यासारखे थिजले, नकली हेरॉइनमध्ये एमपीटीपी नावाचं केमिकल निघालं, ते नेमक्या डोपामाइनच्याच पेशी मारतं. भयंकर प्रकार, पण त्यातूनच माकडांत हा आजार उभा करता आला. १९९०ला डीलाँग आणि सहकाऱ्यांनी अशा माकडांमधला तो पुंजका निकामी केला तर माकडं परत हलायला लागली! तोवर त्या जागेला हात लावायला सगळे घाबरायचे, कारण तिथं इजा झाली की हातपाय आपोआप जोरात फेकले जातात.

दुसरीकडं फ्रान्सात ग्रेनोबलला बेनाबिद नावाचे सर्जन थरथरीसाठी मेंदूतल्या थॅलॅमस या भागातला ठिपका जाळायचे, आणि जाळण्याआधी जागा बरोबर आहे ना बघायला करंट द्यायचे. १९८७ला लक्षात आलं की सेकंदाला शंभराच्या आसपास करंटचे ठोके दिले की थरथर थांबते, बंद केले की परत चालू. मग जाळायचं कशाला, वायर तिथंच राहू दे की. १९९३ला त्यांनी आणि न्यूरॉलॉजिस्ट पोलाक यांनी ती वायर डीलाँगवाल्या पुंजक्यात घातली. २०१४चा लास्कर हा वैद्यकातला मोठा पुरस्कार डीलाँग आणि बेनाबिद दोघांना मिळून आहे.

मीना_सोलापूर:
मास्तरांनी छान सांगितलंय पण लगेच हो म्हणू नका. थरथर सोडली तर साधारण जे गोळीनं सुधारतं तेच डीबीएसनं सुधारतं, म्हणून आधी टेस्ट करतात, रात्रीपासून गोळी बंद ठेवून सकाळी बघतात मग गोळी देऊन परत बघतात. अण्णांचे पाय गोळी लागू असतानाही चिकटत असतील तर ते नक्की सांगा डॉक्टरांना. आमच्या आईची थरथर गेली, भाकरी थापते आता, पण बोलणं आणखी पुटपुटतं झालं, दोनदा विचारलं की चिडते.
खाजकुइलीच्या बियांत खरंच लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सनच्या गोळीतलंच औषध असतं, १९३७लाच दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते वेगळं काढलं होतं. म्हणूनच मनानं देऊ नका. गोळीतलं एक आणि चूर्णातलं एक, डोस किती गेला कुणाला कळणार, मग अंग वळवळायला लागतं. आणि गोळी वरणभात नाहीतर दुधासोबत देत असाल तर बंद करा, प्रोटीन आणि गोळी शरीरात एकाच दारातून घुसायला भांडतात, आम्ही जेवणाआधी अर्धा तास देतो.

बंड्या_फिजिओ:
उंबऱ्यापाशी फरशीवर आडव्या रंगीत पट्ट्या मारा. पट्टी ओलांडायची म्हटलं की बऱ्याच जणांचा पाय उचलतो, टेपच्या खर्चात काम.

कराडकर_सुहास:
सगळ्यांचे आभार. लाल इन्सुलेशन टेप मारली, अंतर अण्णांनीच फूटपट्टीनं मोजून दिलं, आणि काल तिसऱ्या प्रयत्नात उंबरा ओलांडला. ब्रेकचं ऐकून बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले बॅटरी कुठं बसवतात, म्हटलं छातीत, गळ्याच्या हाडाखाली. तर म्हणे बदलायची असते का चार्जिंगची, आणि चार्जिंगची असेल तर लाइट गेल्यावर काय. हे तेवढं सांगा कुणीतरी, टेस्टचा नंबर मी लावून टाकतो.