मदत हवी आहे: कोल्हापुरातून मुक्त विद्यालयाची दहावी. पुतणी (१४) आणि वहिनी (३६), अर्ज कसा करायचा?

शिवाजीपेठकर
नमस्कार मंडळी. घरातल्या दोघींना एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था) दहावी करायची आहे.

पुतणी १४ पूर्ण, आठवी पास, सध्या नववीत. तालमीत सकाळ-संध्याकाळ कुस्तीचा सराव असतो, त्यामुळे शाळेत हजेरी भरत नाही. वहिनी ३६, आठवी पास, इचलकरंजीत गारमेंटमध्ये कामाला. शाळेच्या दाखल्यावर त्यांचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. दोघींचं शिक्षण मराठी माध्यमातलं.

विचारायचं असं: विषय कुठले घ्यावेत? १७ नंबरचा फॉर्म (राज्य मंडळाच्या दहावीला बाहेरून बसायचा) बरा की हे? आणि ओळखीतला एकजण म्हणतोय, "कागदं द्या, सहा महिन्यांत पास, बाकी माझ्यावर सोडा." द्यावीत का?

गंगावेस
कागदं देऊ नका. अर्ज संस्थेच्या स्वतःच्या पोर्टलवर घरबसल्या भरता येतो. मध्यस्थाकडून भरला की गडबड होते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे तो अर्जात स्वतःचा मोबाईल आणि ईमेल टाकतो. मग ओटीपी, परीक्षा शुल्काची सूचना, हॉलतिकीट सगळं त्याच्याकडे जातं आणि दर वेळी त्याच्या पाया पडावं लागतं. दुसरं, तो आपल्या सोयीचं अभ्यासकेंद्र (संस्थेशी जोडलेली शाळा) निवडतो, कधी दुसऱ्या जिल्ह्यातलं, कधी परराज्यातलं. संपर्क वर्ग आणि प्रात्यक्षिकं त्या केंद्राशी बांधलेली असतात. प्रात्यक्षिकाला इचलकरंजीहून तिकडे जाणं वहिनींच्या हजेरीला परवडणार नाही. मोबाईल आणि ईमेल स्वतःचेच टाका. केंद्र निवडण्याआधी तिथे फोन करून विज्ञानाचं प्रात्यक्षिक कधी आणि कुठे घेता, एवढं विचारा.

"सहा महिन्यांत" हे गणितही बसत नाही. एप्रिल-मे परीक्षेचे प्रवेश आदल्या वर्षी मार्चच्या मध्यापासून सुरू होतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरचे आदल्या सप्टेंबरच्या मध्यापासून. शेवटची तारीख आणि विलंब शुल्क दर खेपेला बदलतं, ते पोर्टलवर बघा. मागणीनुसार परीक्षा (ऑन डिमांड, ठरलेल्या हंगामाबाहेर द्यायची) नावाचा वेगळा प्रवाह आहे, पण ती ठरावीक केंद्रांवरच होते.

पाटीपुस्तक
वहिनींच्या नावाचं आधी निस्तरा. दहावीचं प्रमाणपत्र पुढे आयुष्यभर जन्मतारखेचा पुरावा म्हणून चालतं, त्यावर जे नाव छापलं जाईल तेच पॅन, पासपोर्ट, बँकेत जुळवावं लागतं. विवाह नोंदणीचा दाखला असेल तर तो आणि नावातला बदल दाखवणारा कागद अर्जाआधीच तयार ठेवा. दोन कागदांवर दोन नावं ठेवून अर्ज भरला की पडताळणीत अडकतो, आणि निकालानंतरची दुरुस्ती म्हणजे शुल्क, प्रतिज्ञापत्र आणि महिनोन्‌महिने वाट बघणं. वडिलांच्या आणि आईच्या नावाचं स्पेलिंगही दाखल्याप्रमाणेच.

त्यांनी आठवीनंतर शाळा सोडली याची अडचण नाही. दहावीच्या अभ्यासाला आपण तयार आहोत अशा स्वयंघोषणेवरही प्रवेश मिळतो, जन्मतारखेचा पुरावा मात्र लागतोच. त्यांच्याकडे दाखला आहे, तोच लावा. महिलांना शुल्कात सवलत असते. जातीची सवलत हवी असेल तर दाखला अर्जाबरोबरच अपलोड करा.

विषय: पाच घ्यायचे, त्यात किमान एक भाषा आणि जास्तीत जास्त दोन. दहावीला मराठी माध्यम आहे. वहिनींसाठी (कंसात विषयाचा कोड) मराठी (२०४), सामाजिक शास्त्रे (२१३), गृहविज्ञान (२१६) आणि डेटा एंट्री ऑपरेशन्स (२२९) हे झेपतील. पाचवा विषय विचार करून ठरवा. पुढे आयटीआयला फिटर किंवा इलेक्ट्रिशियनसारखा ट्रेड हवा असेल तर गणित (२११) आणि विज्ञान व तंत्रज्ञान (२१२) दोन्ही लागतात, तेव्हा यादी बदलेल. पुतणीने हे दोन्ही सोडू नयेत. आज सोपं वाटतं म्हणून गणित टाळलं की अकरावीच्या दारात कळतं.

शिवाजीपेठकर
पाचही एकदम द्यावे लागतात का? वहिनींना रविवारशिवाय वेळ नाही.

पाटीपुस्तक
नाही, आणि काम करणाऱ्या माणसाला इथेच खरा फायदा आहे. नोंदणी पाच वर्षं चालते, त्यात परीक्षेच्या नऊ संधी. जेवढे विषय तयार तेवढेच द्यायचे, पास झालेला पुन्हा द्यावा लागत नाही. एप्रिलला मराठी आणि गृहविज्ञान, ऑक्टोबरला पुढचे, असं केलं तरी चालतं. १७ नंबरच्या फॉर्मला राज्य मंडळाचा पूर्ण अभ्यासक्रम आणि फेब्रुवारी-मार्चची मुख्य परीक्षा. ज्याला शाळेची पुस्तकं आणि क्लास मिळतो त्याला तो बरा. वहिनींना नाही.

एक गोष्ट इथे दरवर्षी कुणाची तरी राहून जाते: प्रवेश झाला म्हणजे परीक्षेला नाव लागलं असं नाही. परीक्षा शुल्क वेगळं, विषयवार, आणि पोर्टलवरच भरायचं. एप्रिलच्या परीक्षेसाठी डिसेंबरच्या सुमारास आणि ऑक्टोबरच्या परीक्षेसाठी जूनच्या सुमारास पोर्टल बघायला सुरुवात करा.

बारावी मनात असेल तर दोन गोष्टी आत्ताच डोक्यात ठेवा. तिथे मराठी माध्यमावर विसंबू नका, हिंदी किंवा इंग्रजी धरून चला. आणि दहावी पास झाल्यापासून दोन वर्षांचं अंतर पडल्याशिवाय बारावीचे पाचही विषय पूर्ण करता येत नाहीत. एका वर्षात चारच.

माती_आणि_मॅट
पुतणीबद्दल. तिचा शाळेतून दाखला काढण्याआधी थांबा. शालेय कुस्ती स्पर्धांची नोंद शाळेमार्फत जाते. शाळा सोडल्यावर त्या स्पर्धांत तिला उतरता येईल का, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात लेखी विचारा. वस्तादांनाही विचारा, पुढच्या दोन वर्षांत ती कोणत्या गटातून खेळणार आहे. शिवाय राज्य मंडळाच्या दहावीला, नियमात बसणाऱ्या स्पर्धा खेळलेल्या मुलांना क्रीडा गुण मिळतात. मुक्त विद्यालयात गेली की ते मंडळच तिचं राहणार नाही.

त्याआधी मुख्याध्यापकांना भेटा. सरावाचं वेळापत्रक आणि स्पर्धांची पत्रं जोडून अर्ज दिला तर हजेरीतून बऱ्याचदा मार्ग निघतो. चौदा वर्षांच्या पोरीला शाळेतल्या मैत्रिणी आणि शिक्षक असणं ही मोठी गोष्ट आहे, ती सहज सोडू नये असं मला मनापासून वाटतं. सगळं करून जमलंच नाही तर मुक्त विद्यालय आहेच, वयाची अट तिने पूर्ण केली आहे.

शिवाजीपेठकर
पटलं. पुतणीचं आधी शाळेत बोलतो. वहिनींचा अर्ज भरू. ते स्वाध्याय म्हणतात ते काय असतं?

गंगावेस
टीएमए, म्हणजे घरी लिहून पोर्टलवर टाकायचा आणि शिक्षकाने तपासायचा स्वाध्याय. प्रत्येक विषयाचा एक, २० गुणांचा. सहा प्रश्न: पहिले तीन दोन-दोन गुणांचे, उत्तर ४० ते ६० शब्द. पुढचे दोन चार-चार गुणांचे, १०० ते १५० शब्द. शेवटचा सहा गुणांचा प्रकल्प, साधारण ५०० शब्द. प्रत्येकात दोन पर्याय असतात, एकच लिहायचा.

यात नापास होणं असं काही नसतं, म्हणून लोक देतच नाहीत, आणि तिथेच फसतात. सामाजिक शास्त्रांसारख्या निव्वळ लेखी विषयात २० टक्के वजन याला आहे, ८० टक्के लेखीला. पास व्हायला ३३ हवेत. स्वाध्यायात १५ मिळाले तर लेखीच्या ८० पैकी १८ पुरतात. दिलाच नाही तर त्याच ८० पैकी ३३ काढावे लागतात. ज्याला रविवारच मिळतो त्याने हे गुण सोडू नयेत.

प्रात्यक्षिकाच्या विषयांत मात्र लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत वेगवेगळे ३३ टक्के लागतात. डेटा एंट्रीत प्रात्यक्षिकाचाच भार मोठा आहे, तेव्हा घरी किंवा केंद्रावर संगणक मिळणार नसेल तर तो विषय घेऊ नका.

उत्तरं स्वतःच्या हाताने, निळ्या किंवा काळ्या पेनाने, पहिल्या पानावर नाव, नोंदणी क्रमांक, विषय आणि कोड. दुसऱ्याची नक्कल केली की तपासणाऱ्याला लगेच कळते. दिवसाच्या उजेडात, वही सपाट ठेवून मोबाईलने स्कॅन करा, पानं ओळीने लावून प्रत्येक विषयाची एकच पीडीएफ करा आणि फाईलचं नाव विषयाच्या कोडवर ठेवा. चुकीच्या विषयाखाली अपलोड होणं ही नेहमीची चूक आहे. अपलोडनंतर पोर्टलवरून ती फाईल उघडून सगळी पानं दिसतात का बघा, आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा.